पोपटाचं पिल्लू आजारी, कारण कळत नाही: इंदूरमध्ये निदानापर्यंत कसं पोहोचायचं

पोपटाच्या पिल्लाचं निदान हातचं जातं ते बहुधा घरीच, दवाखाना गाठण्याआधीच्या दोन दिवसांत. पिल्लू पिसं फुगवून बसतं. कोणीतरी कोंबड्यांच्या औषधाची पुडी सुचवतं, ती पाण्यात पडते. तिसऱ्या दिवशी पिल्लू डॉक्टरांकडे जातं, तोवर तपासणीत सापडतील इतके जंतू उरलेले नसतात. आजार मात्र असतो तिथेच असतो. म्हणून क्रम पाळा: आधी ऊब, मग वजन, मग नमुना, आणि औषध सगळ्यांत शेवटी.

हा लेख बजरीगर, कॉकाटिल, लव्हबर्ड, कोन्यूर, आफ्रिकन ग्रे अशा परदेशी जातींच्या, महिनाभर ते वर्षभर वयाच्या पिल्लांसाठी आहे. आपला हिरवा, गळ्यात कंठी असलेला पोपट, बाजारात ‘पहाडी’ म्हणून विकला जाणारा करण पोपट आणि टुईया हे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, ते घरात ठेवता येत नाहीत. असं पिल्लू हाती आलं असेल आणि आजारी असेल, तर वनविभागाला कळवणं हाच मार्ग. डॉक्टरांपासून जात लपवून काहीच साधत नाही. आजारांची यादी जातीवरून सुरू होते.

पहिले दोन तास

आजारी पक्ष्याची बरीच ताकद अंग गरम ठेवण्यात जाते. पिल्लाला छोट्या पिंजऱ्यात किंवा भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात घ्या, तीन बाजू चादरीनं झाका आणि आतलं तापमान २९ ते ३२ अंश सेल्सिअस ठेवा. एलईडी दिव्याला ऊब नसते. जुना ४० वॉटचा पिवळा बल्ब बाहेरून एका बाजूला लावा, किंवा गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून एका कडेला ठेवा. दुसरी बाजू थोडी थंड राहू द्या, म्हणजे पिल्लाला सरकायला जागा राहते. आत थर्मामीटर हवाच, कारण अंदाज चुकतो. पिल्लू चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकत असेल तर उष्णता जास्त झाली आहे. इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ही व्यवस्था नसेल तर पिल्लू रोगाआधी थंडीनंच जातं. मे महिन्यात उलट दुपारी बल्ब बंद करावा लागतो.

दांडी काढा किंवा अगदी खाली लावा. अन्नपाणी पायाशी ठेवा. चोचीत जबरदस्तीनं काही घालू नका, ड्रॉपरनं पाणीही नाही. थंड पडलेल्या, मान टाकलेल्या पिल्लाच्या तोंडात घातलेला घोट श्वासनलिकेत जातो, आणि मग मूळ आजारावर फुप्फुसाचा आजार चढतो. घरात दुसरे पक्षी असतील तर त्यांना वेगळ्या खोलीत हलवा आणि त्यांचं काम आधी उरकून मगच आजारी पिल्लाकडे जा.

पुढच्या खुणा दिसल्या तर बाकी काही वाचत बसू नका, निघा: श्वास घेताना शेपूट वरखाली हलणं, तळाशी पडून राहणं, झटके, थांबत नसलेलं रक्त, उलट्या होऊन डोक्याची पिसं चिकट होणं, सहा-आठ तास विष्ठाच न होणं.

वजन आणि विष्ठा: घरचा पुरावा

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पोपट घरात असलेल्या प्रत्येकाकडे हवा. रोज सकाळी, पहिली विष्ठा झाल्यावर आणि खाण्याआधी वजन करा. छोट्या वाडग्यात किंवा कापडाच्या पिशवीत ठेवून मोजलं तर पिल्लू कमी घाबरतं. मोठ्या झालेल्या बजरीगरचं वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम, लव्हबर्डचं ४५ ते ६०, कॉकाटिलचं ८० ते ११०, सन कोन्यूरचं १०० ते १३०, आफ्रिकन ग्रेचं ४०० ते ५५० ग्रॅम असतं. पण जातीच्या सरासरीपेक्षा पिल्लाचा स्वतःचा कालचा आकडा जास्त बोलतो. दोन-तीन दिवसांत दहा टक्के घट म्हणजे ९० ग्रॅमच्या कॉकाटिलचे ९ ग्रॅम, आणि ही घट डोळ्यांना दिसत नाही, कारण वर पिसं असतात. छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरवा. दोन्ही बाजूंचं मांस बसून हाड सुरीच्या पात्यासारखं लागत असेल तर आजार कालपरवाचा नाही.

इथे एक गल्लत होते. हातानं भरवलेलं पिल्लू उडायला लागताना आणि दाणे टिपायला शिकताना आपोआप दहा टक्क्यांच्या आसपास वजन उतरवतं. ते खेळकर असेल, विष्ठा नीट असेल, गळ्याखालची अन्नाची पिशवी रिकामी होत असेल तर हा आजार नाही. मात्र विकणाऱ्यांनी ‘आता ते स्वतः खातं’ असं सांगून अर्धवट शिकलेलं पिल्लू दिलं असेल, तर ते दिवसभर दाणे चोचीत फिरवतं आणि उपाशी राहतं. खाली टरफलं पडली आहेत का, की अख्खे दाणे, हे पाहा. ‘कारण कळत नाही’ म्हणून आलेल्या कितीतरी पिल्लांचं कारण एवढंच निघतं.

विष्ठेत तीन भाग असतात: मधला हिरवा किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा खडूसारखा युरेट, म्हणजे लघवीचा घट्ट भाग, आणि भोवतीचं पाणी. तळाला वर्तमानपत्र घालू नका, ते पाणी शोषतं आणि शाईनं रंग बिघडतो. बटर पेपर किंवा प्लॅस्टिकचा पांढरा कागद घाला, दर बारा तासांनी बदला आणि प्रत्येक कागदाचा दिवसाच्या उजेडात फोटो काढून वेळ लिहा. काय दिसलं तर काय सुचतं, ते असं. पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी झाला, तर यकृताकडे बोट जातं. क्लॅमिडिया हा जीवाणू त्यातलं पहिलं नाव. अख्खे दाणे जसेच्या तसे पडत असतील, तर जठराची हालचाल बिघडली आहे. बोर्ना विषाणू किंवा जठरातली मॅक्रोरॅब्डस नावाची बुरशी असू शकते. चिकट गडद हिरवी आणि थोडीच विष्ठा म्हणजे पिल्लू खात नाही. घट्ट भाग नीट पण भोवती पाण्याचं तळं, तर मूत्रपिंड, शिसं किंवा जस्त, नाहीतर नुसती काकडी-टरबूज खाल्ल्याचा परिणाम. बीट खाल्लं की विष्ठा लाल होते, तेवढ्यानं घाबरून धावू नका.

हातानं भरवायच्या पिल्लाच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी, म्हणजे क्रॉप, रात्रभरात पूर्ण रिकामी झाली पाहिजे. सकाळी ती भरलेली, पिठूळ किंवा आंबट वासाची असेल तर तेवढं लिहून ठेवा. पण ‘क्रॉप अडकलं’ हे निदान समजू नका, ते लक्षण आहे. भरवण, म्हणजे हातानं भरवायचं पातळ अन्न, गार होती का, पातळ-घट्ट चुकली का, बुरशी आहे का, की पॉलिओमा विषाणू, हे पुढे शोधायचं. भरवण ३९-४० अंशांच्या आसपास हवी. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेल्या भरवणीत मधेच उकळते कप्पे राहतात. क्रॉप आतून भाजतो आणि छातीवर खपली किंवा भोक काही दिवसांनी दिसतं, तोवर त्या दिवसाचा आणि याचा संबंध कोणाला आठवत नाही.

डॉक्टरांना द्यायचा कागद

दवाखान्यात घाई असते आणि बोलणं बहुधा हिंदीत होतं. विष्ठेला तिथे ‘बीट’ म्हणतात, एवढं माहीत असलेलं बरं. घरच्या घरी शांतपणे एक पान लिहा: जात, जन्मतारीख किंवा अंदाजे वय, पायातल्या कडीचा क्रमांक, कुठून आणि कधी आणलं, तिथले बाकीचे पक्षी कसे आहेत, हातानं भरवलेलं की आईबापांनी, शेवटचे सात दिवस वजन, रोज काय खातं आणि खरंच काय खातं. या शेवटच्या दोन गोष्टी वेगळ्या असतात. ताटलीत सात प्रकार ठेवले तरी पिल्लू सूर्यफूल तेवढं वेचतं; नुसत्या बियांवर वाढलेल्या पोपटात अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं. बंद खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हानं ड जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून ‘रोज उन्हात असतं’ असं लिहिण्याआधी काच मधे आहे का ते पाहा.

मग घर. इथे लोक सगळ्यांत जास्त विसरतात, आणि इथेच उत्तर सापडायची शक्यता मोठी असते. गेल्या पंधरा दिवसांत रंगकाम, पेस्ट कंट्रोल, झुरळांचा स्प्रे, मच्छर कॉईल, धूप, उदबत्ती, कापूर, गुग्गुळ यांतलं काय झालं? नॉनस्टिक तवा कोरडा तापला होता का? त्याच्या लेपातून सुटणारा वायू माणसाला जाणवण्याआधी पक्ष्याचं फुप्फुस निकामी करतो आणि दुसऱ्या खोलीतला पोपटही मरू शकतो. पिंजरा कशाचा आहे? स्वस्त जस्ताच्या मुलाम्याची जाळी, घुंगरू, साखळी, पडद्याच्या खालची वजनं, झाळण केलेले जोड, जुना तैलरंग, हे पिल्लं चोखून-कुरतडून पाहतात. पोपटाचं पिल्लू आणि रांगतं मूल यांत या बाबतीत काही फरक नाही. चॉकलेट, अवोकाडो, खारी शेव दिली गेली का, तेही लिहा. (मिरची दिल्यानं पोपट बरा होतो ही समजूत सोडून द्या. पक्ष्याला तिखट लागतच नाही, म्हणून तो ती आवडीनं खातो, इतकंच.) रंगपंचमीच्या किंवा दिवाळीच्या आठवड्यात आजार सुरू झाला असेल तर रंग, धूर आणि फटाक्यांची दहशत, तिन्हींची नोंद करा.

नवा पक्षी आणला का, हा प्रश्न स्वतःला वेगळा विचारा, कारण त्याचं उत्तर ‘नाही, दोन महिन्यांपूर्वी आणला’ असं येतं. विषाणूंना दोन महिने काहीच वाटत नाहीत.

डॉक्टर कोण

कुत्र्या-मांजरांचे चांगले डॉक्टर शहरात बरेच आहेत. पक्ष्यांचं काम नियमानं करणारे मोजके. पाटीवरून कळत नाही, फोनवर कळतं. चार गोष्टी विचारा: ग्रॅमचा काटा आहे का, विष्ठा आणि क्रॉपमधला नमुना तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता का, पक्ष्याचं रक्त मानेच्या किंवा पंखाच्या शिरेतून काढता का, आणि एक्सरेसाठी आयसोफ्लुरेन गॅसची भूल आहे का. पहिल्या दोनांना ‘हो’ आलं तरी सुरुवात करायला पुरेसं आहे. ‘आणा, इंजेक्शन देऊन टाकतो’ हे उत्तर आलं तर दुसरा फोन लावा.

शहरात सोय झाली नाही तर महूचं शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९५५पासूनचं हे महाविद्यालय आता जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विद्यापीठाखाली येतं, आणि इंदूरहून राऊ ओलांडून साधारण पंचवीस किलोमीटर. विकृतिशास्त्र, परजीवीशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र हे विभाग एकाच आवारात असणं ही महाविद्यालयाची खरी सोय, खासगी दवाखान्यात ती मिळत नाही. सुट्ट्या आणि वेळ मात्र आधी फोन करून विचारा. पुण्या-मुंबईत नातेवाईक आहेत म्हणून आजारी पिल्लू रात्रीच्या बसमध्ये घालू नका. त्या प्रवासात पिल्लू टिकत नाही, नमुना टिकतो. नमुना पाठवा, आणि तिकडच्या पक्षितज्ज्ञांचं मत इथल्या डॉक्टरांना फोनवर मिळेल अशी व्यवस्था करा. बरेच डॉक्टर याला आनंदानं तयार होतात. घरच्यांनी परस्पर दोघांकडून वेगवेगळी औषधं आणली तरच बिनसतं.

नेताना छोटा डबा, खाली कागद, वर चादर. पाण्याची वाटी सांडते, तिच्याऐवजी काकडीची चकती ठेवा. स्कूटरवर नको. गाडीत एसीचा झोत बंद. सकाळची ताजी विष्ठा बटर पेपरवरून छोट्या झाकणाच्या डबीत घ्या, दोन तासांत पोहोचली तर उत्तम. डबीवर पिल्लाचं नाव आणि वेळ लिहा.

कोणती तपासणी आधी

सगळं एकदम करायला पैसा आणि रक्त, दोन्ही पुरत नाहीत. रक्ताचं गणित तर सरळ आहे. निरोगी पक्ष्यातून वजनाच्या एक टक्क्यापर्यंत रक्त घेता येतं, आजारी असेल तर त्याच्या निम्मंच धरा. ९० ग्रॅमच्या आजारी कॉकाटिलमधून साधारण अर्धा मिलिलिटर, म्हणजे नऊ-दहा थेंब. त्यातून काय काय काढायचं हे सुई टोचण्याआधी ठरवून घ्या.

पहिली पायरी स्वस्त आणि भरपूर सांगणारी. ताज्या विष्ठेचा ओला थेंब काचेवर घेतला की जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे आतड्यातले परजीवी, जंतांची अंडी आणि मॅक्रोरॅब्डस दिसतात. क्रॉपमधून घेतलेला थेंब बजरीगरमध्ये ट्रायकोमोनास या परजीवीसाठी बघावा लागतो आणि तो काही मिनिटांत, गरम असतानाच बघावा लागतो. गार झाला की जीव हलायचा थांबतो आणि ओळखू येत नाही. लॅबला पाठवलेला ट्रायकोमोनासचा नमुना म्हणून हमखास ‘काही नाही’ सांगतो. त्याच काचेवर ग्रॅम स्टेन, म्हणजे रंग देऊन जंतूंचे दोन गट ओळखण्याची तपासणी, करून घ्या. पोपटाच्या आतड्यात बहुतेक ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू असतात. ग्रॅम-निगेटिव्ह दांड्यांची गर्दी किंवा कोंब फुटणारी यीस्ट दिसली तर काहीतरी बिघडलंय. पण भरवणीच्या पिल्लात थोडी यीस्ट अन्नातूनही येते, तेव्हा नुसत्या एका काचेवर औषध सुरू करायला घाई करू नये.

दुसरी पायरी रक्त. सगळ्यांत मोठी चूक इथे होते, आणि ती डॉक्टरांची नसून लॅबची असते. पक्ष्याच्या लाल पेशीत केंद्रक असतं. माणसांच्या लॅबचं मशीन तिला पांढरी पेशी समजतं आणि पांढऱ्या पेशींचा आकडा हास्यास्पद मोठा देतं. मोजणी हातानं, काचेवर व्हायला हवी. रिपोर्टवर तसं लिहिलं आहे का ते पाहा. तसंच साखर. पोपटाची साखर २०० ते ४०० मिलिग्रॅम असणं नेहमीचंच आहे, मग माणसांच्या लॅबच्या रिपोर्टवर लाल बाण येतो आणि घरात मधुमेहाची चर्चा सुरू होते. क्रिएटिनिन आणि यूरिया पोपटात फारसं काही सांगत नाहीत, मूत्रपिंडासाठी युरिक अॅसिड बघतात. यकृतासाठी एएसटी हे एंझाइम आणि पित्ताम्लं. एएसटी स्नायूला मार लागला तरी वाढतो, म्हणून सोबत सीके हे स्नायूचं एंझाइम हवं. आफ्रिकन ग्रेच्या पिल्लाला झटके येत असतील तर कॅल्शियम सगळ्यांत आधी. नख कापून थेंब घेणं टाळा. त्यात विष्ठा मिसळते आणि युरिक अॅसिड खोटं वाढतं.

पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतील तर क्लॅमिडिया किंवा अॅस्परजिलस बुरशी मनात येते. अगदी खाली गेलेल्या असतील, आणि पिल्लू आफ्रिकन ग्रे असेल, तर चोच-पिसांच्या रोगाचा सर्को विषाणू. या रोगाचं नाव ऐकून लोक पिसं तपासतात आणि ती सुंदर आहेत म्हणून निर्धास्त होतात. ग्रेच्या पिल्लात हा विषाणू पिसांना हात न लावता रक्त आणि यकृत संपवू शकतो. राखाडी पिसांत मधेच लाल पीस उगवलं असेल तर ती शोभेची गोष्ट नाही, तपासणी करून घ्या.

तिसरी पायरी एक्सरे, दोन बाजूंनी: पाठीवर झोपवून आणि कुशीवर. पोटातला धातूचा तुकडा चमकतो, फुगलेलं जठर दिसतं, मोठं यकृत दिसतं, वाकलेली हाडं दिसतात. पिल्लू धडपडलं की चित्र हलतं, म्हणून गॅसची भूल. धापा टाकणाऱ्या पिल्लाचा एक्सरे मात्र एक दिवस पुढे ढकललेला बरा, आधी ऊब आणि ऑक्सिजन. एक्सरेमध्ये धातू दिसला नाही म्हणून विषबाधा नाही, असंही नाही. विरघळून गेलेलं जस्त दिसत नाही. शिशासाठी अख्खं रक्त हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीत जातं. जस्तासाठी रबरी बुचाची नळी चालत नाही, रबरातच जस्त असतं.

पीसीआर: नमुना नीट तर उत्तर नीट

पिल्लांच्या आजारात चार नावं वेगळी तपासावी लागतात: क्लॅमिडिया, पॉलिओमा, सर्को, बोर्ना. पक्ष्याचं नर-मादी डीएनएवरून सांगणाऱ्या काही लॅब हे पीसीआरही, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणीही, करतात. आधी फोन करून कोणता नमुना, कोणत्या नळीत, हे लेखी मागा.

क्लॅमिडियासाठी एकच स्वॅब (कापसाचा बोळा लावलेली काडी) टाळूच्या फटीत, डोळ्याच्या कडेला आणि शेवटी विष्ठाद्वारात फिरवतात. प्लॅस्टिक दांडीचा निर्जंतुक स्वॅब घ्या, लाकडी काडीचा नको. हा जंतू रोज बाहेर पडत नाही, म्हणून तीन ते पाच दिवसांची विष्ठा एकत्र करून पाठवली तर पकडला जाण्याची शक्यता वाढते. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा एकही डोस आधी गेला असेल तर निगेटिव्ह रिपोर्टवर विश्वास ठेवू नका. सर्कोसाठी रक्त, जमल्यास रक्त असलेलं नवं पीस. पॉलिओमासाठी विष्ठाद्वाराचा स्वॅब आणि रक्त. बोर्नाचा विषाणूही मधूनमधूनच बाहेर पडतो. त्याच्यासाठी एकदा निगेटिव्ह म्हणजे ‘नाही’ असं होत नाही, आणि पॉझिटिव्ह म्हणजे ‘हाच आजार’ असंही होत नाही. निरोगी दिसणारे वाहकही असतात. तेव्हा तो रिपोर्ट एक्सरेच्या शेजारी ठेवूनच वाचायचा.

सर्को रक्तात पॉझिटिव्ह आला आणि पिल्लू ठीक दिसत असेल, तर घाबरून निर्णय घेऊ नका. कोवळं पिल्लू कधीकधी विषाणू झटकून टाकतं. नव्वद दिवस इतर पक्ष्यांपासून दूर ठेवून पुन्हा तपासा. याउलट पॉलिओमा वाट बघत नाही. भरवणीची, पिसं फुटू लागलेली पिल्लं एका-दोन दिवसांत जातात. क्रॉप थांबतो, कातडीखाली रक्त साकळतं, आणि एकाच घरट्यातली दोन-तीन एकदम जातात. तशा वेळी हातात वेळ असतो तो उरलेल्या पिल्लांसाठी.

नमुने सोमवारी किंवा मंगळवारी पाठवा. शनिवारी कुरिअरला दिलेली नळी रविवारभर गोदामात भाजते, आणि इंदूरच्या मे महिन्यात तर ती उकडून निघते. थर्माकोलचा डबा आणि बर्फाचा पॅक, पण नळी बर्फाला टेकवू नका.

हात आखडता असेल तर काय निवडायचं? विष्ठेचा ओला थेंब आणि ग्रॅम स्टेन कधीच सोडू नका. त्यानंतर, पिवळट-पोपटी युरेट असेल तर क्लॅमिडियाचा पीसीआर. उलट्या किंवा अख्खे दाणे पडत असतील तर एक्सरे. भरवणीचं पिल्लू असून घरट्यातलं दुसरंही आजारी असेल तर पॉलिओमा आणि सर्को. आफ्रिकन ग्रे असेल तर रक्त. ‘सगळं पॅनेल’ महागात घेण्यापेक्षा हे बहुधा जास्त उपयोगी पडतं.

रिपोर्टची वाट पाहताना

पिल्लू खचत असेल तर डॉक्टर नमुना घेऊन झाल्यावर अंदाजानं उपचार सुरू करतील, आणि ते बरोबरच आहे. कातडीखाली सलाईन, ऊब आणि नळीनं क्रॉपमध्ये पातळ अन्न, यांवर पिल्लं चार दिवस तगतात. नळीचं काम शिकल्याशिवाय घरी करू नका. पाण्यात मिसळायची औषधं टाळा: आजारी पिल्लू पाणी पीत नाही, त्यामुळे किती डोस गेला हे कोणालाच सांगता येत नाही. प्रतिजैविकानं बुरशी वाढते, लहान पिल्लात विशेष, म्हणून दोन दिवसांनी क्रॉप पुन्हा तपासायला सांगा. डॉक्सिसायक्लिन तोंडावाटे चालू असेल तर समुद्रफेस आणि खनिजाचा ठोकळा काढून ठेवा, कॅल्शियम त्या औषधाला बांधून टाकतं. क्लॅमिडियाचा कोर्स पारंपरिकपणे ४५ दिवसांचा असतो. दहाव्या दिवशी पिल्लू गाऊ लागलं की घरोघरी औषध बंद होतं, आणि तोच आजार परत येतो.

घरातल्या माणसांचंही बघा. क्लॅमिडिया माणसाला होतो: ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, साधारण पाच ते चौदा दिवसांनी. घरात गरोदर बाई, म्हातारी माणसं किंवा दम्याचा रुग्ण असेल तर पिंजरा त्यांच्यापासून दूर आणि सफाई दुसऱ्यानं करायची. कोरडा झाडू मारू नका. आधी पाण्यानं ओलं करा, मास्क लावा, मग पुसा. कोणाला ताप आलाच तर आपल्या डॉक्टरांना ‘घरात पोपट आजारी आहे’ हे न विचारता सांगा, ते विचारायचं कोणाला सुचत नाही.

आजूबाजूला कावळे किंवा कोंबड्या मरून पडत असतील तर गोष्ट वेगळी. जानेवारी २०२१मध्ये इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लूचा एच५एन८ सापडला होता. अशा वेळी मेलेल्या पक्ष्याला हात न लावता पशुपालन विभागाला कळवा. तिथून नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातात. आपण परस्पर पाठवायचे नसतात. आणि पोपटाचा पिंजरा गच्चीवरून आत.

पिल्लू गेलं तर

दुःखात कोणालाच हे सुचत नाही, पण घरात दुसरे पक्षी असतील तर शवविच्छेदन हीच सगळ्यांत खात्रीची तपासणी. पहिल्या काही तासांतली एक चूक ती वाया घालवते: पिल्लू तसंच कापडात गुंडाळून ठेवलं जातं आणि पिसांच्या दुलईत आतून लवकर कुजतं. गार साबणाच्या पाण्यात पिसं भिजवा, पाणी निथळू द्या, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधा, आणि फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको, गोठल्यानं पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही. चोवीस तासांत पोहोचवा, जास्तीत जास्त अठ्ठेचाळीस. पिशवी अन्नापासून वेगळ्या, बंद डब्यात.

महूला किंवा जिथे न्याल तिथे सोबत तेच लिहिलेलं पान द्या आणि दोन प्रकारचे नमुने ठेवायला सांगा: यकृत, प्लीहा, मूत्रपिंड, जठर, क्रॉप, मेंदू आणि कोवळ्या पक्ष्यात विष्ठाद्वाराजवळची फॅब्रिशियसची पिशवी यांचे तुकडे दहा टक्के फॉर्मालिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रवात, आणि यकृत-प्लीहेचा एक तुकडा फॉर्मालिनशिवाय, गोठवून, पीसीआरसाठी. फॉर्मालिनमध्ये पडलेल्या तुकड्याचा पीसीआर नीट होत नाही. दोन्ही नसतील तर नुसतं ‘यकृत सुजलेलं’ इतकंच लिहून येतं, आणि त्यावरून बाकीच्या पक्ष्यांचं काही ठरत नाही.

सर्को किंवा पॉलिओमा निघाला तर लाकडी दांड्या, घरटी आणि खेळणी जाळून टाका, त्यांतून विषाणू धुऊन जात नाही. धातूचा पिंजरा आधी साबणानं घासून, मग ब्लीचच्या पाण्यानं, मग साध्या पाण्यानं, आणि उन्हात वाळवून. नवं पिल्लू आणण्याआधी उरलेल्या पक्ष्यांचा पीसीआर करून घ्या, आणि नव्यालाही पंचेचाळीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवून, तपासून मगच जवळ आणा.